डाग धरणारे

आमच्या घरात बास्केटबॉलचे सामने तिघं बघतात आणि तिघांना तीन निरनिराळे सामने दिसतात. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, चेंडू बघतो. सासूबाई त्यांचा मुलगा बघतात. आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यांचा मुलगाच बघते, फक्त त्यांच्यासारखी ओरडत नाही.

सासूबाईंचा मुलगा म्हणजे आमचे हे. हे खेळाडू नाहीत. माळ्यावरचा डबा काढायचा तर ह्यांना स्टूल लागतं, आणि ते स्टूलही मीच आणून द्यायचं. हे क्रीडागृहात कोर्ट पुसतात. बास्केटच्या खांबाशेजारी, रेषेच्या जरा बाहेर, मांडीवर टॉवेल आणि बाजूला आडवा मॉप ठेवून बसलेला एक माणूस तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. नसेलच पाहिला. कुणी पाहत नाही. खेळाडू घामानं निथळत असतात, आपटतात, लोळतात, आणि उठून पळाले की त्या गुळगुळीत लाकडावर ओला पट्टा राहतो. शिट्टी झाली की ह्यांनी पळत जायचं, गुडघ्यावर बसून तो पुसायचा आणि पळत परत यायचं. घरी मात्र चहा सांडला तर हे पाय वर घेऊन बसतात. म्हणतात, "इथे मी प्रेक्षक."

त्यांच्या कामात एक शब्द आहे, डाग धरणं. त्या झगझगीत दिव्यांखाली ओलं लाकूड आणि कोरडं लाकूड सारखंच चमकतं. घाम पडताना पाहिला असेल तरच तो कुठे आहे ते कळतं. नजर हलली की डाग हरवला, मग बसा चाचपडत. म्हणून जिथे खेळाडू पडला तिथे नजर रोवायची आणि पुसून होईपर्यंत उचलायची नाही. पापणी लवली तर चालते, मान वळता कामा नये. शिट्टीला उशीर होतोय असं वाटलं तर डागावर नजर ठेवूनच टॉवेल उंच धरायचा, तो पंचांना दिसला की ते खेळ थांबवतात. नोकरीवर घेताना मुकादमबाईंनी ह्यांना एकच प्रश्न विचारला होता, "बास्केटबॉल आवडतो का?"

हे छाती फुगवून म्हणाले, "आवडतो काय, जीव आहे माझा!"

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या. तरी घेतलं.

तर अशी ही गंमत. एवढ्या मोठ्या खेळाडूंपासून हातभर अंतरावर बसून ह्यांनी आजवर एकही बास्केट पडताना धड पाहिलेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे वळशाचीही सोय नव्हती. सामन्याच्या दिवशी सुट्टी नाही, आणि सामना नसेल त्या दिवशी सुट्टी असली काय, नसली काय. घरी येऊन टीव्हीवर पुन्हा दाखवतात ते बघत. पण निकाल माहीत असलेला सामना म्हणजे गरम केलेलं शिळं. पोट भरतं, चव लागत नाही.

आणि त्यातून ह्यांचा जीव होता शिडीवर.

शिडी हे आमच्या संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूचं लोकांनी ठेवलेलं नाव. तो उडी मारत नाही, हवेत पायऱ्या चढत जातो, असं लोक म्हणत. बाकीचे खाली येऊ लागले तरी हा अजून एक पायरी वर. मी काही ह्या खेळातली नव्हे, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणणारी बाई मी. पण शिडी झेपावला की माझ्याही हातातलं काम थांबायचं. समोर तिघं आडवे आले तरी तो त्यांच्यामधून असा निघायचा, जसं काही त्यांनी त्याला वाट द्यायचं आधीच ठरवलं होतं. मग वर, आणखी वर, मनगटाची एक नाजूक हालचाल, आणि जाळीचा तो आवाज. सगळं क्रीडागृह एकदम उभं राहायचं. त्या उभ्या राहिलेल्या हजारो माणसांत एक माणूस मान खाली घालून बसलेला असायचा, तो आमचा.

हे शिडीला ओळखायचे ते कमरेखाली. त्याचा डावा बूट वळताना कसा करकरतो, थकला की पावलं कशी जड पडतात, घाम थेंबथेंब पडतो की सांडल्यासारखा, हे सगळं ह्यांना पाठ. लिफ्टमध्ये शेजारचे काका अडवून विचारायचे, "काय हो, कसा खेळला काल शिडी?"

हे अगदी मनापासून सांगायचे, "डावा बूट जरा कुरकुरत होता. घाम मात्र कमी."

काकांना वाटायचं, माणूस आतल्या गोटातला आहे, फोड करून सांगत नाही. मग तेच वाक्य ते पुढे चार जणांना सांगायचे.

त्या वर्षी शिडीनं जाहीर केलं की ह्या मोसमानंतर आपण थांबणार. दादा दोन दिवस जेवला नाही, निदान त्याच्या घरी तरी नाही, आमच्याकडे जेवत होता. आमचा संघ अंतिम सामन्यात पोचला तेव्हा हे ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "एकदा बघायचं होतं गं. एकच उडी. खालून, तिथून, जिवंत. आता राहिलंच."

ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता आणि मला भयंकर वाईट वाटलं. सासूबाई मात्र पोळी तोडता तोडता म्हणाल्या, "मग बघ की रे एकदा मान वर करून. कोण बघतंय तुझ्याकडे?"

ज्या बाईनं जन्मात ह्या मुलाखेरीज टीव्हीवर दुसरं काही पाहिलं नाही, त्या बाईनं हे म्हणावं!

"आई, तसं नसतं," हे म्हणाले. "डाग सोडला तर माणूस पडतो."

"पडला तर उठेल. चांगले धष्टपुष्ट तर आहेत मेले."

सामना रविवारी दुपारी होता. दादा सकाळपासूनच येऊन सोफ्यावर बसला. दादा गाडी चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आयुष्य गेल्यामुळे त्याचा उजवा पाय कुठेही बसला तरी ब्रेक शोधत असतो. सामना बघताना तो तोच पाय सतरंजीवर दाबत ओरडतो, "डावीकडून घे! आरशात बघ! दाब, दाब!" खेळाडू ऐकत नाहीत, पण त्याचे विद्यार्थी तरी कुठे ऐकतात. सासूबाईंनी चष्मा घातला होता. माझ्या दुकानातला तो चष्मा त्या फक्त सामन्याला घालतात, एरवी म्हणतात, "घरात काय बघण्यासारखं आहे?" मी जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

आमच्याकडे आरडाओरडीची पाळी ठरलेली. खेळ चालू असला की दादा ओरडतो. शिट्टी होऊन खेळ थांबला, जाहिराती लागायच्या बेतात आल्या, की पडद्याच्या कडेनं एक ठेंगणी आकृती मॉप घेऊन धावत येते आणि सासूबाई टाळ्या पिटतात, "आला गं आला! बघ कसा पळतोय!" दादाला हे मुळीच खपत नाही. पण घर त्यांचं, टीव्ही त्यांचा.

प्रतिस्पर्ध्यांकडे कुलूप होता. शिडीला रोखण्यासाठी त्यांनी खास आणलेला जाडजूड, खांदे दाराएवढे असलेला गडी. तो ज्याच्यासमोर उभा राहील त्याला कुलूप लागलं म्हणून समजा. शिडीला लोक 'शिडी आला' म्हणतात, 'आली' कुणी म्हणत नाही, कुलपालाही सगळे 'तो' म्हणतात. एकटा दादा त्याला 'ते कुलूप' म्हणतो, म्हणजे व्याकरणही सांभाळलं आणि रागही निघाला.

सामना असा झाला की माझ्या घड्या तिरक्या पडल्या. कधी आम्ही पुढे, कधी ते पुढे. कुलूप शिडीला श्वास घेऊ देत नव्हता. शिडी वळला की तो समोर, थांबला की समोर, झेपावला की छातीला छाती. आणि तरी मधूनच शिडी निसटायचा, पाठमोरा उडायचा, हवेतच वळायचा, आणि चेंडू जाळीतून खाली यायचा. दादा एकदा तर चक्क रडला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, थोरल्या भावाला रडताना बघू नये. कुणीतरी इतकं चांगलं काही करतंय आणि आज ते शेवटचं, हे बघवतही नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

शेवटचं मिनिट निम्मं सरलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. शिडी चेंडू घेऊन घुसला, ह्यांच्याच बाजूच्या बास्केटकडे. धक्का लागला, तो पाठीवर आपटला आणि फरफटत गेला. शिट्टी झाली नाही. दादानं पंचांच्या सात पिढ्या काढल्या. चेंडू तिकडच्यांनी पळवला, हे मॉप घेऊन अर्धवट उठले, तेवढ्यात आमच्याच एकानं मध्यरेषेवर तो परत हिसकावला आणि खेळ पुन्हा इकडे वळला. हे झटकन खाली बसले. शिडीच्या घामाचा पट्टा तसाच ओला होता.

चेंडू शिडीकडे आला. बाकीच्यांनी बाजूला होऊन त्याला वाट मोकळी करून दिली. तो दूर उभा राहून चेंडू आपटत राहिला, एकेक, सावकाश. समोर कुलूप, दोन्ही हात पसरून. घड्याळ उतरत होतं. सगळं क्रीडागृह गप्प. आमच्या घरातही सतरंजीवरचा ब्रेक दाबलेलाच राहिला.

मी पडद्याचा खालचा कोपरा बघत होते. दुसरं काय बघणार? तिथे आमचे हे होते. टॉवेल आता वर जायला हवा होता. तो मांडीवरच होता.

आणि ह्यांची मान वर होती.

तोंड उघडं, डोळे मोठे, सगळा चेहरा उजळलेला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघताना त्यांचं तोंड असं कधी उघडं पडलेलं मला आठवत नाही. मला मत्सर वाटला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

"अगं बाई, वर बघतोय," सासूबाई पुटपुटल्या. "किती गोड दिसतोय."

शिडी हलला. उजवीकडे एक पाऊल, मग आणखी एक, कुलूप त्याच्या समोर सरकत सरकत बास्केटच्या बाजूला आला. शिडीनं डाव्या खांद्याची एक झुकांडी दिली आणि गप्पकन मागे आला. कुलपानं पाय रोवला. तो पाय त्याच्या अंगाखालून निघून गेला आणि तो दाराएवढा माणूस पाटावर बसावं तसा खाली बसला. त्याच्या डोक्यावरून, कुणाचाही अडथळा नसताना, शिडी एकेक पायरी चढत वर गेला आणि चेंडू सोडला.

पुढचं सांगत नाही. दादानं मला, सासूबाईंना आणि सोफ्याच्या उशीला मिठी मारली. "चकवा! ह्याला म्हणतात चकवा! नुसता खांदा हलवून माणूस बसवला! कुलूप तुटलं! तुटलं ते कुलूप!" शेजारून भिंतीवर धपाधप आवाज येत होते, ते काका असणार. मी घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडले आणि पुन्हा घड्या घालायला घेतल्या.

हे संध्याकाळी घरी आले तर दादा दारातच उभा. "भाऊजी! तुमच्या नाकासमोर झालं हो! सांगा, कसं दिसलं?"

"काही नाही दिसलं," हे म्हणाले.

"विनय बघा ह्यांचा!" म्हणून दादा पेढे आणायला खाली गेला.

मी ह्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि चहा ठेवला. "टॉवेल मांडीवर होता," मी म्हटलं.

ह्यांनी दचकून वर पाहिलं. "तुला दिसलं?"

"मी दुसरं काय बघते?"

मग हे भडाभडा बोलले. डाग त्यांनी धरला होता, अगदी पक्का. पण शिडी चेंडू आपटत उभा राहिला आणि ह्यांना आवाजावरून कळलं की हीच ती शेवटची उडी. एकदाच बघू म्हणून मान वर केली. शिडीचा घामेजलेला चेहरा दिसला, खांदा दिसला, आणि तेवढ्यात धप्प आवाज झाला. "आणि माझी मान आपोआप खाली! सवय गं. माणूस पडला की खाली बघायचं. चेंडू जाळीतून गेला तो मी ऐकला. डागही सोडला आणि उडीही नाही पाहिली."

तेल गेलं, तूपही गेलं म्हणतात ते हेच. मला हसावं की रडावं कळेना. मी चहात साखर दोनदा घातली.

"पुढे ऐक," हे म्हणाले. "सगळे शिडीला खांद्यावर घेऊन नाचत होते. कुलूप तिथेच बसलेला. मग उठला, त्या जागेवरून बुटाचा तळवा घासून पाहिला आणि माझ्याकडे आला. एवढा मोठा माणूस, खाली वाकून हळूच विचारतो, 'ओलं होतं का?'"

"मग?"

"खोटं कसं बोलू? त्याची जन्माची नाचक्की झाली होती गं. म्हटलं, 'होतं. टॉवेल वर करायचा होता, नाही केला. मी त्याच्याकडे बघत होतो.' वाटलं, आता हा ओरडणार, पंचांना बोलावणार, आणि माझी नोकरी गेली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'मीही.'"

ह्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "म्हणाला, 'मला सांगून ठेवलं होतं, त्याच्या कमरेकडे बघ, चेहऱ्याकडे बघू नको, चेहऱ्याकडे बघितलंस की फसशील. पण शेवटची वेळ होती. मीही बघत बसलो.' मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, 'कुणाला सांगू नका. त्याच्या चकव्यानं पडलो म्हणतील तर नाव तरी राहील माझं. घामावरून घसरलो म्हटलं तर नुसतंच हसतील.'"

त्यानंतरच्या दिवसांत हसायचं ते लोक हसलेच. अंगणात खेळणारी पोरं पाळीपाळीनं कुलूप होऊन धपाधप बसायची. माझ्या दुकानात येणारी माणसं खालची ओळ वाचायची सोडून मला तो चकवा करून दाखवायची. टीव्हीवर जाणकार मंडळी पडद्यावर बाण काढून समजावत होती की शिडीनं खांदा किती हलवला आणि त्यामुळे कुलपाचा तोल कसा गेला. तोच प्रसंग पुढून, मागून, वरून, सावकाश, अतिसावकाश दाखवत होते. ह्यांचा टॉवेल प्रत्येक वेळी मांडीवरच होता. अख्खी दुनिया बघत होती, पण सगळी शिडीकडे, म्हणून ह्यांची चूक कुणालाच दिसली नाही.

ह्यांचं मन मात्र खात होतं. जेवण तुटलं. मुलाच्या ताटातलं उरलेलं बघून सासूबाईंनी मलाच दोन शब्द ऐकवले. शेवटी हे मुकादमबाईंना सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले आणि तोंड उघडायच्या आत बाईंनीच ह्यांची पाठ थोपटली. "आपल्या टोकाला घडलं हो! मी वरच्यांना सांगितलंय, कोर्ट इतकं कोरडं ठणठणीत होतं म्हणूनच असा चकवा जमला. ओल्यावर जमतो का असा? शक्य आहे का?"

"नाही," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यावर बाईंनी सगळ्यांसमोर ह्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. हे घरी येऊन तोंडावर पांघरूण घेऊन झोपले.

मग एका रविवारी दादा काचेच्या चौकटीत बसवलेलं भलंमोठं चित्र घेऊन आला. तोच क्षण. शहरभर दुकानांतून ते चित्र लागलं होतं, आम्ही तेवढे वाचलो होतो. दादानं ते सोफ्यासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि हातोडी मागितली. शिडी मागे झुकलेला, कुलूप खाली बसतोय, मागे हजारो उघडी तोंडं, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, मांडीवर टॉवेल घेऊन, आमचे हे.

"आला गं आला!" सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा आणायला गेल्या.

हे खिडकीकडे तोंड करून बसले. मी दादाला खुणेनं म्हटलं, नेऊन टाक ते. पण दादाला खुणा कळल्या असत्या तर तो बस स्टॉपसमोर गाडी उभी करतो का? तो हातोडीनंच चित्रातलं एकेक दाखवत सुटला.

"आणि ही शिडीची नजर बघा! खाली आहे नजर! एवढ्या मोठ्या क्षणाला, सगळं जग त्याच्याकडे बघतंय आणि हा बास्केटकडे नाही, कुलपाकडे नाही, जमिनीकडे बघतोय. ह्याला म्हणतात पाय जमिनीवर असणं. केवढी ही नम्रता!"

हे सावकाश वळले. "नजर कुठे आहे म्हणालास?"

"खाली. ही बघा ना."

हे उठले आणि चित्रासमोर गुडघ्यावर बसले, कोर्टावर बसतात तसे. शिडीच्या डोळ्यावर बोट ठेवलं. त्याच्या नजरेच्या रेषेत ते बोट हळूहळू खाली आणलं. कुलपाच्या निसटत्या बुटाच्या टोकाशी, जिथे नुसतं चमकणारं लाकूड होतं, बाकी काही नव्हतं, तिथे ते थांबलं. मग बोट पुन्हा वर नेलं आणि पुन्हा खाली आणलं. पुन्हा तिथेच.

"हा डाग धरून आहे," हे म्हणाले.

मला कळायला जरा वेळ लागला. तिथे आधी पडला होता तो शिडीच. तो घाम त्याचाच. उठून पळताना, चेंडू परत येताना, दूर उभं राहून एकेक आपटताना, त्यानं ती जागा क्षणभरही सोडली नव्हती. कुलपाला बोट धरून न्यावं तसं पावलापावलानं तिथवर आणलं होतं.

हे हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सामन्यानंतर इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मला बरं वाटलं, आणि त्या हसण्यात काहीतरी तुटल्यासारखंही होतं, म्हणून वाईटही वाटलं.

"अगं, इतकी वर्षं मी ह्याच्याकडे एकदा मान वर करून बघायला तरसलो," मला जवळ ओढून हे म्हणाले, "आणि बघितलं तेव्हा हा माझं काम करत होता."

"कसला डाग?" दादा विचारत होता. "काचेला लागलाय का? आणताना तर स्वच्छ होती." त्यानं खिशातून रुमाल काढला, काचेवर हाः करून वाफ सोडली आणि जोरजोरानं पुसायला लागला. सासूबाई चष्मा चढवून आल्या आणि म्हणाल्या, "आधी माझ्या लेकावरची धूळ पूस."

दादानं सगळी काच पुसली, मग लांब जाऊन तिरक्या मानेनं पाहिलं. "गेला का?"

"राहू दे, दादा," मी म्हटलं. "तुला नाही दिसायचा तो."